धरलीय ना?

मी शिडी बोलतेय. स्वतःच्या पायांवर उभी राहणारी, चकचकीत, घडीची शिडी असते ना, ती मी नव्हे. ती आमच्याकडे फार पुढे आली, तिचंही सांगेन. मी साधी लाकडी, भिंतीला टेकवायची. दोन उभे दांडे, मध्ये पायऱ्या आणि खाली घसरू नये म्हणून पायांना ठोकलेलं जुन्या टायरचं रबर. घरात मला दाराआड ठेवायचे, येता-जाता माझ्यावर ओले टॉवेल टाकायचे. माझी तक्रार नव्हती. दाराआडून सगळं ऐकू यायचं.

दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हे मलाही कळतं. पण मला उभंच तिथे करायचे, त्याला मी काय करणार? माझं डोकं थेट कपाटांच्या वर जायचं. घरं कशी अगदी आरशासारखी, आणि कपाटावर बघावं तर न आवडलेली भेटीची फुलदाणी, पोट कमी करायचा पट्टा आणि ज्याच्यावरून भावाभावांत अबोला झाला तो हरवलेला टॉर्च. मी कुणाला सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगितलं, ते सोडा.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. एक रंगारी मला घडवून घ्यायला आला होता. लग्न नुकतंच झालेलं, बायको बरोबर होती. सुतार म्हणाला, "वजन कुणाचं पेलायचं?"

"माझं आणि रंगाच्या डब्याचं."

"आणि वहिनी?"

"ती कशाला चढेल? ती खाली उभी राहून धरणार."

बायको हसली. "म्हणजे रंग तुम्ही देणार आणि जीव माझा टांगणीला."

तेवढ्यात माझ्या जन्माची वाटणी झाली. तो वर, ती खाली, मध्ये मी.

दोघं कामाला एकत्र जायची. भिंत घासायची, भेगांत लांबी भरायची, मग रंगाचे हात. लांबी आणि रंग त्याच्याकडे. सामान झाकणं, ब्रश धुणं, फरशीवरचे डाग पुसणं तिच्याकडे. चढताना तो खाली बघत नसे. डबा एका हातात, नजर छताला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की एवढंच विचारायचा, "धरलीय ना?"

ती म्हणायची, "धरलीय. चढा."

आणि मग ती पुटपुटू लागायची. ते मंत्र-बिंत्र नव्हते. देवाशी ती शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. बघ रे, हे आता कोपऱ्यात चाललेत, यांना घाई फार, तू जरा लक्ष ठेव. त्याला वरून शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसती गुणगुण यायची.

त्याचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. जेवायला बसले की त्यांचा हा वाद ठरलेला. तो म्हणायचा, "जन्मभर वर चढतोय मी. तिथे कोळ्यांची जाळी आहेत, एखादा चेंडू आहे. तुझा देव काही भेटला नाही."

"तुम्ही छतापर्यंतच जाता," ती म्हणायची.

"बरं, खालचं बोलू. मी दोन्ही प्रकारच्या घरांना रंग दिलाय. मानणाऱ्यांच्या भिंतीला ओल येते आणि न मानणाऱ्यांच्याही येते. ओल फक्त गळकं छप्पर बघते."

ती आपलं दुसरंच सांगायची. "लहानपणी मी जागी व्हायचे, तेव्हा आई आधीच उठलेली असायची. डोळे मिटलेले असले तरी कळायचं. भांड्याचा आवाज नाही, हाक नाही, तरी कळायचं की कुणीतरी उठलंय, आता काळजी नाही. मला रोज सकाळी अजून तसंच वाटतं. आई जाऊन किती वर्षं झाली, तरी घरात माझ्या आधी कुणीतरी उठलेलं असतं."

"ते मांजर असेल," तो म्हणायचा. आणि दोघं हसायची.

आता एक गोष्ट सांगते, जी फक्त मला माहीत होती, असं मला वाटायचं. ती प्रत्येक वेळी मला धरत नसे. कशी धरणार? रंग सुकत चाललेला, ब्रश धुवायचे, त्यात घरमालकीण स्वयंपाकघरातून हाक मारणार. मग दोघींची तिथल्या सुनेच्या विषयावर समाधी लागायची. इकडे हा पाय ठेवून विचारतोय, "धरलीय ना?" आणि तिकडून, ओट्यापाशी उभी राहून, ही बया ठणकावून सांगतेय, "धरलीय. चढा." तो चढायचा. मी एकटी भिंतीला चिकटून श्वास रोखायचे. आणि एकदाही काही झालं नाही.

झालं ते बऱ्याच वर्षांनी, लेक लग्न होऊन सासरी गेल्यावर, आणि भलत्याच दिवशी. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काम होतं. पेशंट बसतात ती खोली, छत उंच. त्या दिवशी ती जागची हलली नव्हती. दोन्ही हात माझ्या दांड्यांना, एक पाय खालच्या पायरीवर. पुटपुटणंही चालू होतं. कोपऱ्यातला तळहाताएवढा तुकडा राहिला होता. खाली उतरायचं, मला सरकवायचं, पुन्हा चढायचं, एवढंच काम. ती म्हणालीसुद्धा, "अहो, उतरा, सरकवू या." तो म्हणाला, "एवढ्याशासाठी कुठे?" आणि हात लांब केला.

मी तिच्या हातांत घट्ट होते. माझी पायरी जिथल्या तिथे राहिली. त्याचा पाय राहिला नाही.

मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि घरी आल्यावर खाटेवर पडून राहायचं फर्मान निघालं. मला दाराआड ठेवलं होतं, खाट समोरच. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलंय.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई बघायला आल्या. त्यांना सगळ्या घरांची काळजी. खुर्चीवर टेकत म्हणाल्या, "देवाने वाचवलं हो. कंबरेवर पडले असते तर?"

रंगाऱ्याची बायको चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "वाचवायचंच होतं तर पायही वाचवायचा. एवढंसं जास्त काय लागलं असतं त्याला?"

बाई चहा न घेताच उठल्या. त्यांना मी चहा सोडून जाताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवसापासून घरातली गुणगुण थांबली. काम ती सगळं करत होती. त्याला उठवणं, पुसणं, औषध, भाकरी, सगळं वेळच्या वेळी. पण तोंडातून एक शब्द नाही. पूर्वी चहा उतू गेला तरी ती देवाला दोन शब्द सुनावायची. आता चहा उतू जायचा आणि ती ओटा पुसायची.

रंगाऱ्याचा खरं तर जय झाला होता. वाद त्याने जिंकला होता, तोही अंथरुणात पडून. पण तो काही खूश दिसेना. छताकडे बघत पडायचा. रंगाऱ्याच्या घराला रंग नसतो हे तुम्हाला माहीत असेलच. खाटेच्या बरोबर वर छताला हा मोठा पोपडा आलेला. त्याच्याकडे बघून बघून तो दमायचा आणि मग हिच्याकडे बघायचा.

पाय भरत आला, तशी लेक सासरहून आली, येताना ती घडीची शिडी घेऊन. खोलीच्या मधोमध उघडून दाखवली. "बाबा, आता हीच वापरायची. हिला भिंत नको आणि धरायला कुणी नको. आईची पण सुटका."

"बरं झालं," आई म्हणाली. "तसाही माझ्या धरण्याचा काय उपयोग झाला?"

नव्या शिडीबद्दल माझ्या मनात काही नाही. स्वभावाने चांगली आहे ती, फक्त कुणाला टेकत नाही, त्यामुळे बोलायला विषय निघत नाही.

लेक गेली. दुपारची वेळ, ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत खाटेच्या कडेला बसली होती. अचानक म्हणाली, "एक सांगायचंय. रागावू नका. मी दर वेळी धरत नव्हते. धरलीय म्हणायचे, पण कधी मोरीत असायचे, कधी स्वयंपाकघरात."

"माहीत आहे मला."

तिचा हात घडीवरच थांबला. "कसं माहीत?"

"अगं, आवाज खालून येतोय की स्वयंपाकघरातून, एवढं कळत नाही होय मला? मध्येच सुनेचं नावही यायचं."

"आणि तरी चढायचात?"

"तू धरलीय म्हणायचीस ना. मग पाय आपोआप उचलला जायचा."

तिने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, आणि तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, "धरली नाही तेव्हा तुम्ही पडला नाहीत. दोन्ही हातांनी धरली, देवाला सांगत होते, तेव्हाच पडलात. हात तुम्ही लांब केलात, ते मी पाहिलंय. पण मग मी त्याला कशाला सांगत होते इतकी वर्षं? तुमचं ओलीचं म्हणणं खरं होतं. म्हणा ना आता, मी सांगत होतो म्हणून."

"नाही म्हणणार."

"का?"

तो थोडा उठून बसला. अवघड जात होतं त्याला, पायामुळे नव्हे, बोलायला. "हे बघ, मला त्यातलं काही पटत नाही. आजही नाही. पण तुझं ते पुटपुटणं थांबल्यापासून सकाळी जाग आली की घरात कुणी उठलेलंच नाही असं वाटतं. तू समोर चहा टाकत असतेस, तरी."

तिने हातातला कपडा मांडीवर ठेवला.

"मांजरसुद्धा?" ती म्हणाली.

"मांजरसुद्धा नाही."

त्यानंतर काही दिवसांनी त्याने सांगितलं की आज तो पोपडा काढायचा. डॉक्टरांनी हळूहळू चढायला हरकत नाही म्हटलं होतं. नवी शिडी हाताशी होती. त्याने मला मागितलं.

"तिला धरावं लागतं," ती म्हणाली.

"म्हणूनच."

तिने मला दाराआडून काढलं, पुसलं, भिंतीला लावलं. तो आला, लंगडत. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पायाचा भार माझ्यावर पुरता पडला नव्हता, ते मला कळत होतं. आणि दोन्ही दांड्यांवर तिचे तळवे होते, घामेजलेले. तेही मला कळत होतं.

"धरलीय ना?"

तिने नुसती पकड आवळली.

"धरलीय ना गं?"

"दिसतंय ना, धरलीय ते."

"दिसतंय. पण म्हण."

"पडलात तर?"

"तर पडेन. तू म्हण."

तो तसाच उभा राहिला, एक पाय माझ्यावर, एक जमिनीवर. चढेना आणि उतरेना. आज चढला नाही तर पुन्हा कधीच चढणार नाही, हे त्याला कळत होतं, मलाही आणि तिला तर सगळ्यांत जास्त. शेवटी ती म्हणाली, "धरलीय. चढा."

तो चढला. दुसऱ्या पायरीवर गेला तोच खाली सुरू झालं, अगदी हळू: हे बघ, माझं तुझ्याशी भांडण मिटलेलं नाही. त्या दिवशी कुठे होतास ते तुला सांगावंच लागेल. पण हे वर चाललेत. लक्ष ठेव.

वर छत खरवडण्याचा आवाज येत होता. तो हसत होता की काय, मला नीट दिसलं नाही. पोपडे माझ्या डोक्यावर पडत होते.

पुढे त्याने आणखी पुष्कळ भिंती रंगवल्या. मानणारा काही झाला नाही. ओलीचं त्याचं म्हणणं शेवटपर्यंत तेच राहिलं, आणि तिचं सकाळचं. आता दोघंही थकलीत, वरचं काम नव्या शिडीवरून दुसरे करतात. मी जिन्याखाली आडवी पडून असते. शिवणवाल्या बाई माझ्यावर उशा वाळत घालतात आणि जाता जाता मला सगळ्या बातम्या सांगतात. त्यांचाही कुणावर तरी विश्वास असणारच, नाहीतर लाकडाशी कोण बोलेल?

तुम्ही विचाराल, बाई, तुझं काय? तू मानतेस का? मानते. देव त्या दिवशी दवाखान्यात कुठे होता, हे मला सांगता येणार नाही, मी तिथेच होते तरीही. पण मी जन्मात कधी एकटी उभी राहिले नाही. मला भिंत लागली, जमीन लागली, हात लागले आणि हात नव्हते तेव्हा एक आवाज लागला. ज्याला एकट्याने उभंच राहता येत नाही, त्याला कुणीतरी आहे हे पटवून द्यावं लागत नाही. ज्यांना घडीच्या शिडीसारखं उभं राहता येतं त्यांनी खुशाल वाद घालावा. मी ऐकेन. मला आवडतं ऐकायला.

माझं मागणं एवढंच. तुमच्या घरात कुणी वर चढत असेल, म्हातारं असो की तरणं, देव मानणारं असो की नसो, आणि त्याने खाली न बघता विचारलं, तर हो म्हणा. मोठ्याने म्हणा. आणि जमलं तर स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणा. सून काही कुठे पळून जात नाही.