घोंगडीखाली पाहिलेला उजेड

मी एक जुनी, बोटाएवढी काचेची कुपी आहे. हिंगोलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी उमर गेली. किती आम्लं, किती क्षार माझ्यात आले आणि गेले. शेवटी तोंडाचा कपचा उडाला आणि मला मागच्या फळीवर सारलं.

मित्रांनो, त्याच फळीवरून मी क्वांटम डॉटची कहाणी ऐकली. हे कण इतके बारीक, की मेंढीच्या लोकरीच्या एका केसाच्या जाडीत हजारो ओळीनं बसतील. पदार्थ एकच, पण मोठ्या कणाचा उजेड तांबडा आणि लहानाचा निळा. चाळीसेक वर्षांपूर्वी ते आधी रंगीत काचेत ओळखले गेले, मग द्रवात. आता ते टीव्हीच्या पडद्यात रंग भरतात, संशोधकांना आजारी पेशी दाखवतात. दोन हजार तेवीस साली त्यांच्या शोधाला नोबेल मिळालं, तेव्हा प्रयोगशाळेत पेढे वाटले. मी रिकामीच होते, तरी मला बरं वाटलं.

मग रागिणीनं मला खाली काढलं. मेंढपाळाची लेक, सेनगावकडची. तिनं लिंबाचा रस भट्टीत तापवून कार्बनचे असेच डॉट केले आणि माझ्यात भरले. जांभळ्या, अतिनील उजेडाच्या टॉर्चखाली मी निळी उजळले. पाण्यात शिसं असलं की हे डॉट विझतात. सर म्हणाले, "छान." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बघून छान म्हणालं.

रागिणीच्या घरची मेंढरं आंधळ्यागत गोल गोल फिरू लागली होती. ती पाणी पितात त्या नाल्याच्या वरच्या अंगाला कुणी शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फोडतं, तिला त्याचाच संशय. तिनं मला आणि टॉर्चला घरी नेलं. पण दुसऱ्या दिवशी पेपर. निघताना ती आईला म्हणाली, "नाल्याचं पाणी यात थोडं टाक, अंधारात टॉर्च मार. उजेड आला तर पाणी चांगलं. न्हाई आला तर मेंढरं तिकडं सोडू नका." रंग कोणता, ते सांगायचं राहिलं.

तिच्या आईनं, कौशल्याबाईनं, मला हातात घेतलं. नवी वस्तू घरात आली की आधी देवाचा भंडारा लावायचा, ही तिची रीत. तिनं तेलात हळद कालवून माझ्या अंगभर माखली. मग माझ्यात पाणी टाकलं आणि नवऱ्याला हाक मारली. भर दुपार, म्हणून दोघं घोंगडीखाली शिरले.

"लेकरं बघतील तर काय म्हणतील," मल्हारी हसला.

"गप बसा. टॉर्च मारा."

माझ्या पोटातले डॉट विझले होते. एकूण एक. पण मित्रांनो, तेलातली हळदसुद्धा त्या टॉर्चखाली चमकते. माझ्या अंगावर हिरवा-पिवळा उजेड पसरला.

"लागलं बघा," कौशल्याबाई म्हणाली.

"पोरीनं रंग कोणता सांगितला व्हता?"

"रंगाचं काय घेऊन बसलात? देवाचा भंडारा हाय, त्याच्यावाणी पिवळं दिसून राहिलं."

"तरी एक फोन लाव तिला."

"पेपर हाय तिचा. उगं तकलीफ काहून द्यायची?"

मल्हारी उठला. त्यानं मेंढरं नाल्याकडं वळवली. मी ओरडणार कशी? काचेला तोंड असतं, आवाज नसतो. गाभण मेंढ्या आधी धावल्या. मागून कौशल्याबाई घागर घेऊन गेली आणि त्याच पाण्याचा चहा चुलीवर चढला.

आता मी देव्हाऱ्यात आहे. रोज माझ्यावर चिमूटभर भंडारा पडतो, रोज हात जोडले जातात. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नाही, आणि तो मला सोसवत नाही. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी कुपी तुमच्या हाती आली, तर तिला नमस्कार नंतर करा. आधी तिची काच पुसा आणि आत काय आहे ते बघा. रागिणीचा शेवटचा पेपर परवा आहे. तोवर मेंढरं नाल्यावरच जातील.