पर्सची कड

गेल्या वर्षी हंबीररावांनी लेकीला मोठ्या कंपनीची म्हणून घेतलेली पर्स नकली निघाली आणि तिचं ऑफिसात हसू झालं. स्वप्नालीनं जुनीच पर्स पुन्हा वापरायला काढली, तेच त्यांना जास्त लागलं. यंदा अस्सलच द्यायची, असं ठरवून ते कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानात आले होते. सगळा जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत गेलेला. दुकानदाराशी वाद घालायची सवय नव्हती. तरी त्यांनी पर्सचा आतला कप्पा बाहेर ओढला आणि आतून दिसणाऱ्या बाहेरच्या चामड्याच्या कापलेल्या कडेवर नख फिरवलं.

“पावणं, ब्रँडची पर्स हाय, कोल्हापुरी चप्पल न्हवं!” दुकानदार ओरडला. गिऱ्हाइकं हसली.

हंबीररावांचे कान तापले. आपलंच चुकत असेल, असंही वाटून गेलं. पण नखाला कापडाचे धागे लागले होते. चामड्याला असे धागे नसतात, हे चपला घेऊन घेऊन कोल्हापुरात कुणालाही कळतं.

“हे चामडं न्हाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “कंपनीचं बिल देणार?”

“एवढा संशय असंल तर पुण्याला जावा की, कंपनीच्या शोरूमला!”

हंबीररावांनी पर्सची चेन लावली आणि ती काउंटरवर ठेवली.

“पुण्याची पुढची गाडी किती वाजता हाय?” त्यांनी विचारलं.