सोमवारची सुट्टी

“त्यांचं नाव लिही आणि पुढे जा. आणखी काही लिहायची गरज नाही,” आई म्हणाली आणि नातवाच्या शर्टाचं बटण शिवायला लागली.

मुलगा पेन हातात धरून बसून राहिला. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून तो नुकताच निवृत्त झाला होता. मामेभावाच्या डोक्यात अचानक घराण्याची वंशावळ तयार करायचं भूत शिरलं होतं आणि आजोबांविषयी माहिती गोळा करण्याचं काम त्याने याच्या गळ्यात मारलं होतं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. विचारायला आता आईच उरली होती, आणि आई दाद देत नव्हती.

आजोबांचं, म्हणजे आईच्या अण्णांचं, बाजारपेठेत केस कापायचं दुकान होतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो अगदी लहान असताना ते गेले. घरात त्यांचा फोटो नव्हता. फोटो का नाही, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

आईने दोरा दातांनी तोडला. “तुझ्या मामेभावाने अण्णांच्या नावाखाली रेघा किती काढल्यात?”

“दोन. मामाची आणि तुझी.”

“आणखी असतील. मला माहीत नाहीत.” दूध नासलंय हे सांगावं तितक्या साध्या आवाजात तिने पुढचं सांगितलं. “अण्णांचा दुसरा संसार होता.”

मग तिने थोडं थोडं करून सगळं सांगितलं. सोमवारी दुकान बंद असे. आठवड्यातून एकच सुट्टी, पण त्या दिवशी अण्णा घरात दिसतील तर शपथ. सकाळी धुतलेला सदरा घालायचा, कापडी पिशवी घ्यायची आणि टेकडीवर जाणारी बस पकडायची. शेजारच्या एका बाईने त्यांना शेवटच्या थांब्यावर उतरताना पाहिलं होतं. दिवेलागणीला परत आले की कोणाशी न बोलता सरळ न्हाणीघरात. डोक्यावरून आंघोळ, अंगावरचे कपडे स्वतःच्या हाताने धुणं. एरवी रुमालसुद्धा धुवायचे नाहीत. आजीने एकदाच विचारलं, कुठे जाता? ते म्हणाले, काम असतं. कुठलाही वास घरापर्यंत येऊ नये म्हणून बाहेरून आल्या आल्या अंग घासणारा माणूस कोणतं काम करून येतो, याचा अर्थ आजीने लावला. त्यानंतर तिने त्यांना जेवायला वाढलं, आजारपणात उशाशी बसली, पण बोलणं गरजेपुरतं उरलं. ते गेले तेव्हा ती रडली नाही. आईनेही डोळ्यांतून पाणी काढलं नाही, कारण आजी बघत होती.

मामेभावाने फोनवर हे ऐकलं आणि त्याचा उत्साह पार मावळला. दोनच रेघा राहू देत, म्हणाला. पाहुण्यांना वाटायला तक्ता छापायचाय, त्यात असल्या भानगडी नकोत.

विषय तिथे मिटायला हवा होता. पण याचा स्वभाव आड आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे हे कळल्यावर याला कधी जेवण गेलं नव्हतं. टेकडीवर आपला एखादा मामा, एखादी मावशी म्हातारी होऊन बसली असेल, आणि आपल्यापैकी कोणी कधी त्यांची चौकशीही केली नाही, हे त्याच्या मनातून जाईना. बायकोला म्हणाला, नुसतं बघून येतो. बायको म्हणाली, भेटलेच कोणी तर रिकाम्या हाताने जाऊ नका. म्हणून त्याने बिस्किटांचे पुडे घेतले आणि बस पकडली.

शेवटच्या थांब्यावर वस्ती अशी नव्हतीच. एक फाटक, आत बैठ्या इमारतींची रांग, आणि छातीच्या विकारांच्या रुग्णालयाची पाटी. फाटकावरच्या रखवालदाराला त्याने विचारलं, इथे पूर्वी घरं होती का? रखवालदार म्हणाला, घरं कधीच नव्हती. आधीपासून दवाखानाच, फक्त पूर्वी क्षयाचा होता. जुनं काही विचारायचं असेल तर मागे चाळीत म्हातारी आहे, इथल्या स्वयंपाकघरात तिची उमर गेली.

म्हातारी दारात ऊन खात बसली होती. याने आजोबांचं नाव सांगितलं. तिने मान हलवली. असा कोणी नाही. बाजारात केस कापायचं दुकान होतं, असं म्हटल्यावर मात्र तिने डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे नीट पाहिलं.

“सोमवारवाला? तू त्याचा कोण?”

“नातू. मुलीचा मुलगा.”

“बस,” ती म्हणाली आणि स्वतःच्या बुडाखालची सतरंजी ओढून त्याला दिली.

दुकानातला एक कारागीर इथे भरती झाला होता, तिने सांगितलं. त्याला बघायला म्हणून हा माणूस आला. आल्यावर पाहतो तर सगळ्यांच्या दाढ्या छातीपर्यंत, केसांच्या जटा. क्षयाच्या रोग्याला हात लावायला एकही न्हावी टेकडी चढत नव्हता. पुढच्या सोमवारी तो कात्री-वस्तरा घेऊन आला. कारागीर काही महिन्यांत गेला, पण याचं येणं थांबलं नाही. बाहेर चिंचेखाली खुर्ची मांडायची आणि दिवसभर एकामागून एक. जे उठू शकत नव्हते त्यांच्या खाटेशी जायचं. कोणी पैसे पुढे केले तर हात मागे घ्यायचा.

“मेलेल्याचीही दाढी करायचा,” म्हातारी म्हणाली. “घरचे शेवटचं तोंड बघायला येतील, माणूस नीट दिसायला नको का, म्हणायचा. येणारे थोडेच असायचे. तरी करायचा.”

त्याने विचारलं, त्यांनी हे घरी का नाही सांगितलं?

“मीही विचारलं होतं. म्हणाला, घरी कळलं तर बाजारात कळेल. मग माझ्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल, आणि पोरं काय खातील?” ती म्हणाली. “नंतर एकदा म्हणाला, आता सांगायची वेळ गेली. आता कोणी खरं मानणार नाही.”

एका सोमवारी तो आला नाही. त्यापुढच्याही नाही. रोगी दाढी वाढवून वाट बघत राहिले. मग ज्याने त्याने ओळखलं. खाली जाऊन विचारणार कोण? पत्ता कोणापाशी नव्हता.

बिस्किटांचे पुडे तिच्यापाशी ठेवून तो घरी आला. आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. त्याने काही न गाळता सगळं सांगितलं. ऐकून तिचा जीव भांड्यात पडेल अशी त्याची कल्पना होती. आईने एक चादर घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

“म्हणजे आई उगीचच,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं.

मग तिला राग आला. शांत, थंड राग. बायकोवर एवढाही विश्वास नव्हता का, तिने विचारलं. जगाच्या दाढ्या करायला वेळ होता, तिच्याशी खरं बोलायला नव्हता? मुलाने आजोबांची बाजू मांडायचा प्रयत्न केला. आईने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“मी पाच-सहा वर्षांची असेन. अण्णा दारात आले, मी पळत जाऊन पायाला मिठी मारायला गेले. ते मागे सरकले. असे दचकून, जोरात सरकले की मी पडले. उचललंसुद्धा नाही, सरळ आत गेले. पुन्हा मी कधी गेले नाही त्यांच्याजवळ.” तिने चादर मांडीवर ठेवली. “आता कळतंय का सरकले. पण आता कळून मी काय करू?”

त्याने उरलेले कपडे दोरीवरून काढून आत नेले.

मामेभावाला फोन केला. तो आनंदाने उडालाच; म्हणाला, आजोबांच्या नावाखाली ‘थोर समाजसेवक’ असं मोठ्या अक्षरांत छापू. याने आईला विचारलं. आई म्हणाली, नुसतं नाव राहू दे. त्याखाली माझ्या आईचं नावही तेवढ्याच अक्षरांत लिही.

दोन-तीन आठवडे तिने विषय काढला नाही. मग एका सकाळी चांगली साडी नेसून बाहेर आली आणि म्हणाली, मला वर घेऊन चल.

दोन्ही म्हाताऱ्या चाळीच्या दारात समोरासमोर उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरातल्या बाईने विचारलं, कोण? “मी त्यांची मुलगी,” आई म्हणाली. बाईने तिला हाताला धरून चिंचेकडे नेलं. झाड तोडलेलं होतं, बुंधा सिमेंटने लिंपला होता. पलीकडे बाकावर काही रोगी तोंडाला फडकी बांधून ऊन घेत बसले होते. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. एकजण तोंड फिरवून जरा लांब सरकू लागला, तशी ती म्हणाली, “बसा हो, असू दे.”

आईने एवढंच विचारलं, की इथे ते हसायचे का? बाई म्हणाली, सगळा वेळ. नकला करायचे, रोगी हलले की वस्तरा लागेल म्हणून ओरडायचे आणि पुन्हा हसवायचे. आईने हे ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

उन्हं कलली. परिचारिकेने हाक मारली तसे रोगी एकेक करून आत गेले. फाटकाबाहेर बस येऊन उभी राहिली. मुलगा उठला, त्याने आईची पिशवी उचलली.

“ही बस जाऊ दे,” आई म्हणाली.