जिन्यातला चेलो

रोझविथा ब्यूर्कलेबाईंनी वैतागून राऊटरची वायर उपटली, तिच्यावर फुंकर मारली आणि परत खोचली. पडद्यावर नातीचा, मेरलेचा गज चेलोच्या, त्या थोरल्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या तारांवर टेकला होता आणि तिथेच गोठला होता. ही नुसती रंगीत तालीम होती. तिची शेवटची परीक्षा पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी, दूरच्या संगीत महाविद्यालयातून थेट दिसणार होती. बाईंच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता आणि चेलो मेरलेच्या आजोबांचा होता. आजोबा गेल्यापासून त्यांनी तो नीट ऐकलाच नव्हता.

कंपनीच्या माणसाने फोनवरून वेग तपासला. म्हणे फर्मास आहे. तरी आणखी वेगवान जोडणी त्याने गळ्यात मारलीच. दिवसा सगळं सुरळीत चाले, संध्याकाळी मेरलेची तालीम सुरू झाली की पुन्हा रडगाणं.

शेवटी मेरलेनेच फोनवर उलगडून सांगितलं. आजीची लाइन उत्तम होती, खोळंबा पुढे होता, महाविद्यालयाचं जाळं आजीच्या कंपनीच्या जाळ्याला मिळतं त्या दारापाशी. संध्याकाळी सारं गाव ऑनलाइन येतं आणि तिथे चेंगराचेंगरी होते. छोट्या कंपन्या आपसात दारं सताड उघडी ठेवतात. ही मोठी म्हणते, रुंद दार हवं तर समोरच्याने पैसे मोजावेत.

"अगं, पण पैसे मी भरतेय ना!"

"तरी तिला वाटतं, समोरच्यानेच तिच्या दारी यावं. ती मोठी, आजी. तिला कसली घाई? अडतं ते तुझं. आयझेलेकाकांकडे छोट्या कंपनीचं इंटरनेट आहे. त्यांच्या टपालपेटीवर स्टिकर आहे तिचं."

बाईंचं तोंड कडू झालं. समोरच्याच दारातले आयझेले! जर्मनीच्या या श्वाबिया भागातल्या घरांत झाडलोटीची पाटी दारोदार फिरते. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना धुवायचा. आयझेल्यांनी एकदा कोपरे कोरडेच ठेवले, तर बाईंनी सगळ्यांदेखत पाटी परत त्यांच्याच दाराला अडकवली. तेव्हापासून अबोला. आधी त्यांनी माझ्या दारी यावं, मग बघू, हा बाईंचा हेका.

फोन ठेवल्यावर बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "ती मोठी, तिला कसली घाई." आणि त्यांना हसूच आलं.

परीक्षेच्या संध्याकाळी त्यांनी दोन खुर्च्या ओढत बाहेर आणल्या, दोन दारांच्या बरोबर मधे ठेवल्या आणि समोरची घंटा दाबली. आयझेल्यांनी दार उघडून आधी पायरीकडेच पाहिलं.

"झाडलंय मी, फ्राउ ब्यूर्कले."

"झाडण्याचं नाही. माझी नात वाजवणार आहे. तुमचं इंटरनेट लागेल."

"तोच ना तो चेलो? भिंतीतून ऐकतो मी. बिचाऱ्याला रोज ठसका लागतो." ते आत गेले आणि लॅपटॉप घेऊन आले. मागून दोन पेले आणि सफरचंदाची वाइनही आली.

त्या दगडी जिन्यात चेलो असा घुमला की वरच्या मजल्यावरची दारं एकेक करून उघडली. एकदाही अडकला नाही. बाईंनी डोळे पुसले, आयझेल्यांनी तेवढा वेळ छताकडे पाहिलं.

सोमवारी पाटी बाईंच्या दारावर आली. त्या बादली घेऊन बाहेर आल्या, तर जिना आधीच धुतलेला, ओला, त्यांच्या पायपुसण्यापर्यंत. फक्त वळणावरचा कोपरा कोरडा राहिला होता.

बाईंनी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं, गुडघा धरून हळूच वाकल्या आणि तो कोपरा आवाज न करता पुसून टाकला.