फुटलेलं सील

अमृत बाकाकडे येताना दिसला, तशी अभिमनने मांडीवरची पिशवी उचलून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. नुसती ठेवली नाही, चांगली ऐसपैस पसरून ठेवली. अमृत आला, त्याने पिशवीकडे पाहिलं आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बासष्ट वर्षांचा थोरला बसलेला, अठ्ठावन्नचा धाकटा उभा, आणि मध्ये धुळ्याच्या त्या दवाखान्याची नुकतीच पुसलेली ओली फरशी.

सकाळी दोघं एकाच एसटीने शिंदखेड्याहून आले होते. अभिमन ड्रायव्हरच्या मागे, अमृत शेवटच्या सीटवर. अकरा वर्षं झाली, दोघांत शब्द नव्हता. भांडण झालं ते आईच्या घागरीवरून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची ती थोरल्याच्या घरी, ही त्यांच्या घरची रीत. पण म्हातारी गेली अमृतच्या खाटेवर, त्याच्या हातचं पाणी पिऊन, आणि त्या वर्षी अमृत म्हणाला, घागर मी भरणार. मग व्हायचं ते झालं. नको ते शब्द निघाले, भावकी मध्ये पडली आणि अंगणात छातीएवढी भिंत उभी राहिली. तेव्हापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच बाईच्या नावाने दोन घागरी भरतात. म्हातारीला वर पाण्याची ददात नसेल, एवढं खरं.

साखर मात्र बापाने दोघांना सारखी वाटून दिली होती, आणि साखरेपाठोपाठ किडनीचं दुखणंही. दीड वर्षापूर्वी याच दवाखान्यात किडनीच्या एका नव्या गोळीची चाचणी सुरू झाली, तेव्हा दोघांचीही नावं लागली. डॉक्टर भाविका मॅडमनी नीट समजावून सांगितलं होतं. नेहमीची औषधं सगळ्यांची चालूच राहतील. त्यावर निम्म्या लोकांना ही नवी गोळी, आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी साधी गोळी, जिच्यात औषध नाही. कोणाला कोणती, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. पेशंटला कळणार नाही, नर्सला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. चाचणी संपली की कोणती गोळी ते लिहिलेलं ज्याचं त्याचं बंद पाकीट फोडायचं. अभिमनने सगळं ऐकून घेतलं, सही केली, आणि जिना उतरेपर्यंत त्याच्या मनाने निकाल देऊनही टाकला. खरी गोळी अमृतला गेली.

पुरावा? पुरावा कसला मागता! लहानपणी दुधावरची साय अमृतच्या भाकरीवर, जत्रेतला नवा सदरा अमृतला, आणि आईने जीव सोडायलासुद्धा खाट निवडली ती त्याचीच. जन्मभर ज्याच्या ताटात सगळ्यांनी चांगलं तेच वाढलं, त्याच्या ताटात कॉम्प्युटर काय शिळं वाढणार होता?

चाचणीची नर्स नूतन महिन्यातून एकदा जीपने गावात यायची. प्रत्येक बाटली ज्याची त्याच्या हातात द्यायची, असा नियम होता. पण तिच्या वाट्याला बावीस गावं, आणि अमृत दुपारचा शेतात. पहिल्याच खेपेला ती अभिमनच्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, आबा, तुमच्या भावाची बाटली तुमच्याकडे ठेवू का? आता बाहेरच्या पोरीसमोर घरातलं उणं काढायचं, हे अभिमनच्या रक्तात नव्हतं. भावाशी वर्षानुवर्षं बोलणार नाही, पण बोलत नाही हे परक्याला कळू देणार नाही. तो म्हणाला, ठेव ना, घर काय वेगळं आहे का!

जीप वळली आणि दोन बाटल्या त्याच्या पुढ्यात राहिल्या. एकीवर त्याचा नंबर, दुसरीवर अमृतचा. झाकणाखाली चांदीसारख्या कागदाचं सील. अभिमन थोडा वेळ बघत बसला. मग उठला, आतून दोन वाट्या आणल्या, अंगठ्याच्या नखाने दोन्ही सीलं फोडली, आणि हिच्यातल्या गोळ्या तिच्यात, तिच्यातल्या हिच्यात. बाटल्या जिथल्या तिथे, नंबर जिथल्या तिथे, मोजल्या तरी तीस त्या तीसच. त्याची बायको रत्ना ताक घुसळता घुसळता थांबली. हे पाप आहे, असं ती म्हणाली. तो म्हणाला, माझ्या हक्काचं मी घेतो, यात पाप कसलं? फाटलेला कागद त्याने थुंकी लावून चिकटवला, तो काही चिकटला नाही. कोण बघतंय, म्हणून झाकण लावलं. रत्नाने बाटली अंगणातल्या भिंतीवर नेऊन ठेवली. पलीकडून मंजुळाबाईचा, अमृतच्या बायकोचा, हात आला आणि ती घेऊन गेला. अठरा महिने हे असंच चाललं.

एकच गोष्ट त्याला खुपायची. खरी गोळी पोटात जात असूनही त्याच्या पायांची सूज काही उतरेना. उलट सकाळी उठल्यावर तोंडही फुगलेलं दिसायचं. आणि पलीकडचा, साधी गोळी खाणारा, बुटात पाय घालून तुरुतुरु शेतात जायचा. अभिमन मनात म्हणायचा, सोंग आहे सगळं. जालीम औषध आधी त्रास देतंच, मागून गुण दाखवतं. आपली समजूत माणूस कशी काढेल, त्याला काही धरबंध नसतो.

"अभिमन आबा, अमृत आबा, या." नूतनने दार उघडलं. दोघांना एकत्र बसवलं तर चालेल का, असं तिने विचारलं. अमृतने मान हलवली. मग अभिमनलाही नाही म्हणता येईना.

डॉक्टर भाविकांनी दोन्ही पाकिटं कात्रीने कापली. आधी अमृतचं वाचलं. त्याच्याकडे पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या की, तुम्हाला साधी गोळी होती. तरीही किडनीचं काम शंभरात पस्तीस होतं, ते आज चौतीस आहे. पथ्यपाणी चांगलं सांभाळलंत. मग त्यांनी दुसरा कागद उलगडला, आणि तो वाचताना त्यांचं हसू गेलं.

"आबा, तुम्हाला खरी गोळी होती. पहिल्या दिवसापासून."

अभिमनला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्याने डाव्या कानाची पाळी ओढली. खोलीत पंखा फिरत होता, टेबलावरचा कागद फडफडत होता, आणि त्यावर त्याचा नंबर होता, जो अठरा महिने त्याने स्वतःच्या हाताने अमृतच्या गोळ्यांवर चढवला होता. म्हणजे कॉम्प्युटरने या एका खेपेला साय थोरल्याच्या भाकरीवर घातली होती. आणि थोरल्याने ती निपटून धाकट्याला वाढली होती.

डॉक्टर बोलत होत्या. गोळी बहुतेकांना लागू पडली, चाचणी यशस्वी झाली. पण अभिमनचं काम मात्र छत्तीसवरून एकवीसवर उतरलं. ज्यांना साधी गोळी होती, त्यांना आता दोन वर्षं खरी मिळणार. आणि ज्यांना खरी असूनही फरक पडला नाही, त्यांची बंद, कारण उपयोग नसताना शरीराला त्रास नको. बाजारात ती अजून आलेली नाही, यायला काही वर्षं जातील.

"तुमच्यासारख्यांवर ती का चालत नाही, हे आम्हालाही कोडं आहे," त्या म्हणाल्या. "तेच आता शोधायचंय. पाठीतून बारीक सुई घालून किडनीचा तांदळाएवढा तुकडा काढावा लागेल. तुमची हरकत नसेल तर."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. आणि आणखी एक सांगून ठेवते, म्हणाल्या, डाव्या हाताच्या शिरा राखून ठेवा. रक्त काढायचं, सलाईन लावायचं, ते उजव्या हाताला. पुढेमागे डायलिसिसची वेळ आली, तर तीच शीर लागेल.

अभिमनने डावा हात उजव्याखाली झाकून घेतला. एक वाक्य बोलायचं होतं, बस. गोळ्या मी बदलल्या. एवढं बोललं की खरी गोळी त्यालाच मिळते, सुई टळते, आणि कदाचित डाव्या हाताच्या शिराही वाचतात. पण शेजारच्या खुर्चीत अमृत बसला होता. मेलो तरी बेहत्तर, याच्यापुढे नाही!

"विचार करून सांगतो," तो म्हणाला आणि उठला. मागे नूतन अमृतला नवी बाटली देऊन कुठे सही करायची ते दाखवत होती.

बाहेर पिशवी तशीच पसरून पडलेली होती. अभिमन तिच्याशेजारी बसला. दोन वाट्या, अंगठ्याचं नख, भिंतीवरची बाटली, सगळं डोळ्यांपुढून जात होतं आणि दर खेपेला त्याला स्वतःचाच संताप येत होता. आणि त्याहून जास्त अमृतचा, ज्याने काही न करता सगळं मिळवलं होतं. चोराचं खाऊन साव! तो मनात म्हणाला. मग कोण चोर आणि कोण साव, त्याचाच घोळ झाला.

अमृत बाहेर आला. या वेळी तो भिंतीकडे गेला नाही. बाकापुढे येऊन उभा राहिला, सदऱ्याच्या खिशातून बाटली काढली, झाकण फिरवलं आणि ती तशीच उघडी अभिमनच्या नाकासमोर धरली. आत चांदीचा कागद ताणून बसवलेला, अखंड, चकचकीत.

"सील दर महिनाले तूच फोडस ना?" अमृत म्हणाला. "ले. फोड."

अकरा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. आवाजात माया नव्हती, नरमाई नव्हती, विहिरीवर शेजाऱ्याला दम द्यावा तसा तो कोरडा होता. अभिमनने बाटलीकडे पाहिलं, मग पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे. दाढीचे खुंट पांढरे झाले होते. आईसारखाच खालचा ओठ पुढे आला होता.

"तुले माहीत व्हतं?"

"पयला महिनापाईन."

"मंग गोळ्या खाद्यात कसाले?"

दारातून एक पेशंट बाहेर आला, त्याला अमृतने आधी जाऊ दिलं.

"मंजुळा म्हने, फेकी दे, त्यामा काहीतरी टाकेल व्हई. मी सांगं, व्हई तर व्हई." त्याने बाटली आणखी पुढे केली. "अकरा वरीसमा तुना घरमाईन दुसरं काय उनं?"

अभिमनने बाटली घेतली. भिंतीवरून गेलेल्या त्या बाटल्यांखेरीज अकरा वर्षांत या घरून त्या घरी काहीच गेलं नव्हतं. सवयीने अंगठा सीलवर गेला, नख कागदावर टेकलं. आता दाबलं की फुटेल. याच नखाने त्याने छत्तीस सीलं फोडली होती, तेव्हा कधी एवढं जड गेलं नव्हतं. अमृत बघत होता. विषसुद्धा चालेल म्हणून दीड वर्ष रोज सकाळी गोळी तोंडात टाकणारा हा माणूस, आणि आपण त्याला बसायला जागा द्यायची नाही म्हणून पिशवी पसरून ठेवतो. अभिमनला लाज वाटली. उघड, तोंड लपवावं अशी लाज. राग गेला होता असं नाही. तोही तिथेच, लाजेला खेटून बसलेला होता.

त्याने झाकण लावलं. सील तसंच राहू दिलं. मग पिशवी उचलून बाकाखाली सरकवली, गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि रिकाम्या जागेकडे हनुवटीने खूण केली.

"बस आठे."

अमृत जागचा हलला नाही. अभिमनही त्याच्या बसण्याची वाट बघत थांबला नाही. ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत तो डॉक्टरांच्या दाराशी गेला आणि न विचारताच आत शिरला. दार मागे लोटायला नूतन उठली, तिला त्याने हाताने थांबवलं. बाहेर ऐकू जायला हवं होतं.

बाटली त्याने टेबलावर त्या कोऱ्या फॉर्मच्या शेजारी ठेवली. डॉक्टर भाविकांनी मान वर केली. बाहेर बाक करकरल्याचा आवाज आला.

"मॅडम, ती सुई राहू द्या," अभिमन म्हणाला. "गोळी मला का लागू पडली नाही, ते मी सांगतो."