गिरणीचा कोपरा, दुपारी बारा

"आधी दार लावून घ्या," क्लेम म्हणाला.

ऑर्विनने दार लावलं. क्लेमने खोलीभर नजर फिरवली, खिडकीबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही माणूस बरे दिसता म्हणून सांगतो. पण गावात कुठे बोलायचं नाही. आपलं बोलणंच नाही झालं असं समजायचं."

"नाही बोलणार."

"जुन्या लाकूडगिरणीचा कोपरा. दुपारी बाराला. आमिष लाल पाहिजे. आणि फेकायच्या आधी तीनदा पाण्यावर आपटायचं. थाप, थाप, थाप! मस्कीला राहवत नाही. काय वाजतंय ते बघायला येतेच."

ऑर्विनला ती जागा चांगली ठाऊक होती.

तळ्याच्या त्या कोपऱ्यात मस्की, तो मोठा शिकारी मासा, नव्हती. कधीच नव्हती. पन्नास वर्षांच्या लाकडाच्या साली आणि भुसा तिथल्या तळाशी कुजत पडला होता, त्यात जेमतेम चिखलातले मिशाळ मासे जगायचे. शिकागोहून महागड्या बोटी घेऊन येणारे लोक तळ्याच्या धक्क्यावर गोड बोलून मस्कीची जागा विचारायचे, त्यांच्यासाठी त्याने आणि क्लेमने मिळून रचलेली ही थाप होती. गिरणी आणि दुपारची वेळ क्लेमची. तीनदा आपटायचं मात्र ऑर्विनच्या डोक्यातून निघालं होतं. एकदा एक पोटसुटा गृहस्थ भर उन्हात पाणी बडवत बसला होता आणि हे दोघे समोरच्या काठावर सँडविच खात दुर्बिणीतून पाहत होते. हसता हसता क्लेमला ठसका लागला, ऑर्विनला त्याच्या पाठीत गुद्दे घालावे लागले.

तीच थाप आज त्याला सांगितली जात होती. मागच्या महिन्यापर्यंत क्लेमला नाव आठवलं नाही तरी "आलास का, लेका?" एवढं तरी तो म्हणायचा. आज त्याने 'तुम्ही' म्हटलं होतं.

"बरं झालं सांगितलंत," ऑर्विन म्हणाला आणि टोपी उचलली.

बाहेर वृद्धाश्रमाच्या बोळात परिचारिका डार्ला औषधांची गाडी ढकलत होती. ऑर्विन शाळेची बस चालवायचा, लहानपणी ती त्याच बसमधून जायची.

"काय काका, सांगितली का जागा?"

"सांगितली की."

"बघा! बाकी सगळं विसरले, पण मासे नाही विसरले."

"नाही, ते नाही विसरला," ऑर्विन म्हणाला.

तो आला होता तो खरंच जागा विचारायला. खांदा कामातून गेला होता आणि डॉक्टरांनी बोट बंद म्हणून निक्षून सांगितलं होतं. शनिवारी पुतण्या येऊन बोट घेऊन जाणार होता. त्याआधी उद्याचा शुक्रवार तेवढा उरला होता. नोव्हेंबर संपत आला होता, काठाकाठाने पहाटे बर्फाचा पापुद्रा धरत होता. म्हणजे त्याच्या उभ्या आयुष्यातला तळ्यावरचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी जायचं कुठे नि किती वाजता, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

हसण्यासारखंच होतं ते. पण ठरवायची वेळ त्याच्यावर आलीच कधी? शेत विकायचं बापाने ठरवलं. बस कुठल्या रस्त्याने न्यायची ते शाळेने ठरवलं. लग्नाचं, दोन बायकांनी नाही म्हणून ठरवून टाकलं. आणि चौतीस वर्षं, मस्कीसाठी कुठे जायचं ते क्लेमने. क्लेम पुढच्या बाकावर उभा राहायचा, ओलं बोट वाऱ्यात धरायचा, पाणी चाखल्यासारखं करून थुंकायचा आणि म्हणायचा, "आज लव्हाळ्याची कड." ऑर्विन मागे इंजिनाशी बसून बोट तिकडे वळवायचा. गळ तोही टाकायचा, पण वारा असला की एकाला बोट जागेवर धरावीच लागते, आणि तो एक नेहमी ऑर्विन.

मस्की काही रोज लागणारा मासा नव्हे. दहा हजारदा गळ टाकावा तेव्हा एक, असा हिशोब सांगतात, आणि तोही सांगणारा उदार असला तर. बहुतेक वेळा ती नुसती आमिषामागून बोटीपर्यंत येते, बघते आणि जाते. गेली अकरा वर्षं एक मादी या दोघांना अशीच चकवत होती. सव्वाचार फूट लांब, शेपटीला डावीकडे खाच. क्लेमने तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलं होतं. "वही बघते, नाक मुरडते आणि चालू पडते," तो म्हणायचा. लागली असती तरी दोघे तिला सोडूनच देणार होते. फक्त एकदा हातात धरून बघायचं होतं.

शुक्रवारी ऑर्विन दोनला तळ्यावर पोचला. धक्क्यावर कुणी नव्हतं. वायव्येकडून वारा सुटला होता आणि पाणी पाटीसारखं काळं झालं होतं. पुढचा बाक रिकामा असल्यामुळे बोटीचं नाक वर उचललं जात होतं. त्याने तिथे दोन मोठे दगड ठेवले. क्लेमच्या वजनाने बसायचं तसं नाक खाली बसेपर्यंत तो ते पुढेमागे सरकवत राहिला.

लव्हाळ्याची कड आता थंडीने मेली होती, तिथे जाण्यात अर्थ नव्हता. बेटामागचं खोल पाणी वाऱ्यापासून आडोशाला होतं. असल्या वाऱ्यात क्लेम डोळे मिटून तिथेच गेला असता. राहिला तो बेटापुढचा खडकाचा उथळ पट्टा. थंडीच्या तोंडावर रुपेरी सिस्को मासे तिथे अंडी घालायला येतात. ऑर्विनला कितीतरी वर्षं वाटायचं की वारा नेमका खडकावर आदळत असेल आणि चंद्र उगवत असेल, तेव्हा मास्तरीणबाई तिथेच असणार. सिस्को जिथे, ती तिथे. पण तो कधी बोलला नव्हता. त्या वाऱ्यात त्या खडकांवर बोट धरणं महाकठीण, आणि शिवाय क्लेमने विचारलंही नव्हतं.

"खडकावर जाऊ," तो मोठ्याने म्हणाला. स्वतःच्याच आवाजाने तो दचकला. चंद्र साडेचारच्या सुमाराला उगवणार होता. तोवर थर्मासमधली कॉफी पीत तो आडोशाला बसून राहिला आणि चार वाजता निघाला.

इंजिनाचा दांडा गुडघ्यात धरून तो गळ फेकत होता. फेकायचा, ओढायचा, आणि आमिष बोटीशी आलं की मागे आलेल्या माशाला भुलवायला गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. एवढं करून बोट वाऱ्याने भरकटली की पुन्हा ठिकाणावर आणायची. खांद्यातून कळा येत होत्या. बोटं लाकडासारखी झाली होती. पूर्वेला झाडांमागून चंद्राची तांबूस कड वर आली.

बाविसाव्यांदा, की तेविसाव्यांदा, आमिषामागे पाणी फुगलं.

ती होती. खालून वर येत होती, सावकाश, आपलंच तळं असल्यासारखी. खाच असलेली शेपटी त्याला स्वच्छ दिसली. त्याने काठी बुडवली. पहिला आठ. ती वळली, त्याच्या मागोमाग. दुसरा आठ. आता तिचं तोंड आमिषापासून वीतभर होतं, तिने कल्ले फुलवले.

त्याच क्षणी वाऱ्याने बोटीचं नाक फिरवलं. दांडा गुडघ्यातून सुटला. बोट आडवी झाली, काठी उचलली गेली आणि आमिष पाण्याबाहेर येऊन हवेत लोंबकळू लागलं. मास्तरीणबाई क्षणभर तिथेच थांबली, मग खोल निघून गेली.

"क्लेम, बघितलंस?" तो ओरडला. "बघितलंस ना? खडकावरच होती!"

पुढच्या बाकावर दोन दगड होते. ऑर्विनला रडू आलं. तिथे लाज धरायला कुणी नव्हतं, म्हणून तो पोटभर रडला, आणि मग बोट खडकावर घासायला लागली तेव्हा नाक पुसून त्याने इंजिन चालू केलं.

शनिवारी पुतण्या बोट घेऊन गेला. ऑर्विन तडक क्लेमकडे आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती. पाणी कसं फुगलं, कल्ले कसे फुलले, आणि खडकाचं किती वर्षांपासून आपल्या मनात होतं. हे समजू शकेल असा जगात एकच माणूस होता.

क्लेमने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत एकदम चमक आली.

"काय पाहुणे! गेला होता का गिरणीला?"

जुळवलेली वाक्यं ऑर्विनने मनातच ठेवली.

"गेलो होतो," तो म्हणाला. "बाराच्या ठोक्याला."

"आमिष लाल?"

"लालभडक."

"आणि आपटलं? तीनदा?"

"आपटलं तर! हात दुखले आपटून. दिवसभर एक मासा फिरकला नाही हो."

क्लेम हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडाला हात लावून, मग खो खो. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि शेवटी ठसका लागला. ऑर्विनने उठून त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले. डार्ला दारातून डोकावली, हसणं ऐकून परत गेली.

"वाईट वाटून घेऊ नका," क्लेम धापा टाकत म्हणाला. "अहो, ती आमची थाप आहे. माझी आणि ऑर्विनची. ऑर्विनला सांगितलं ना, तर तो लोळेल हसून."

"सांगा त्यांना."

"आला की सांगतो. येईलच." क्लेमने खिडकीबाहेर नजर टाकली. फांद्या हलत होत्या. "असल्या वाऱ्यात बोट धरावी तर त्यानंच. जागा काय, कुणीही सांगेल. बोट तिथं थांबवायची कुणी? मी कधी बोललो नाही त्याला. बोलायला पाहिजे होतं."

"सांगा तेही," ऑर्विन म्हणाला.

"सांगीन." क्लेम पुन्हा त्याच्याकडे वळला आणि जरा ओशाळून म्हणाला, "राग मानू नका, पाहुणे, पण तेवढी खुर्ची मोकळी ठेवाल का? ती त्याची आहे."

ऑर्विनने मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. बसल्यावर तिच्यावरची गादी घसरली होती. त्याने ती सारखी केली, खुर्ची पूर्वीसारखी क्लेमच्या बाजूला वळवली, आणि टोपी हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.