कडेचा खांब

अश्लेषाची नोकरी गेली तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. चार मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर एका हसतमुख मुलीनं तिचं पद रद्द झाल्याचं सांगितलं, आभार मानले, आणि आवाज नीट येतोय ना, असंही विचारलं. येत होता. दुसऱ्या दिवशी कुरियरवाला कंपनीचा लॅपटॉप घेऊन गेला.

घरात तिनं सांगितलं नाही. नवरा संग्राम व्हाइटफील्डच्या ऑफिसला जायला दोन तास आणि यायला दोन तास कॅबमध्ये असायचा. मधे ही बातमी बसवायची कुठं? त्यात निपाणीहून सासूबाई महानंदाबाई आलेल्या. त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं, की सुनेचं ऑफिस बेळ्ळंदूरच्या घरातच भरतं.

म्हणून ते भरत राहिलं. रोज साडेनऊला अश्लेषा भिंतीला पाठ लावून बसायची. कानांवर हेडफोन, पुढ्यात संग्रामचा जुना लॅपटॉप. तो केव्हाच बंद पडला होता, त्यामुळे मीटिंगमध्ये व्यत्यय येत नसे. हातांना काहीतरी हवं म्हणून तिनं सासूबाईंकडून क्रोशा शिकून घेतला. चाळीस खांबांची, म्हणजे उभ्या टाक्यांची, पहिली ओळ त्यांनी घालून दिली. पुढं रोज एक मीटिंग, मीटिंगला एक ओळ. तेवढा वेळ सासूबाई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नसत.

एकोणिसाव्या मीटिंगनंतर त्यांनी ते विणकाम उचलून गुडघ्यावर पसरलं.

"काय हे गं? मफलर म्हणालीस. इकडून मफलर दिसतोय, तिकडून समोसा."

"आपोआप झालं, आई."

"आपोआप कसं होतंय?" त्यांनी नखानं ओळी मोजल्या, मग शेवटच्या ओळीतले खांब. "एकवीस. रोज एक खांब गाळालीस की! ओळ उलटताना तीन साखळ्या घालतीस, तोच पहिला खांब. परत येताना त्यांच्या डोक्यावर शेवटचा घालायचा. कडेला असतो, दिसत नाही, म्हणून सुटतोय." बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्यांनी ती जागा टोचून दाखवली. "इथं. अन् मोजल्याशिवाय उलटायचं नाही."

"बरं."

"पण मधले टाके बघ. सगळे एका मापाचे. मी बोलत विणलं की सैल पडतंय, भांडत विणलं की घट्ट. एकोणीस मीटिंगा झाल्या, अन् तू कुणाशी चकार शब्द बोलली नाहीस?"

अश्लेषानं हेडफोन काढला. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

"किती दिवस झाले?"

"ओळी मोजल्यात की तुम्ही."

आता रडू येईल, असं दोघींनाही वाटलं. थोडा वेळ वाट पाहिली. आलं नाही.

"सरी," सासूबाई म्हणाल्या. 'बरं' अशा अर्थाचा हा कानडी शब्द त्यांनी खालच्या भाजीवाल्याकडून उचलला होता. "उसव. अन् संग्रामला तूच सांगायचं. मी सांगितलं तर जन्मभर ऐकवशील."

एकोणीस दिवसांचं ऑफिस पाच मिनिटांत उसवलं. लोकरीचा गुंडा तेवढा झाला.

संध्याकाळी संग्राम आला तेव्हा नवी तिसरी ओळ चालू होती. बूट काढता काढता त्यानं रोजचंच विचारलं, "काय मग, कसा गेला दिवस?"

"थांब."

एकोणचाळीस झाले होते. तिनं कडेला खुणेसाठी अडकवलेली सासूबाईंची पिन काढली, साखळीच्या डोक्यात सुई घातली आणि चाळिसावा खांब ओढून घेतला. कड सरळ आली.

"माझी नोकरी गेली," ती म्हणाली. "महिना होत आला."

संग्राम एका पायात बूट तसाच ठेवून उभा राहिला. स्वयंपाकघरात सासूबाईंनी कुकरची शिट्टी होऊ दिली.